नखावरची शाई, मुशीतलं सोनं

जून २०२३ मधली गोष्ट. शाळा सुरू होऊन दुसरा आठवडा, दहावीचा वर्ग, पहिलाच धडा रासायनिक अभिक्रियांचा. मी डाव्या हाताची तर्जनी वर केली आणि बाकांच्या रांगांमधून सावकाश फिरले. १० मे रोजी विधानसभेचं मतदान झालं होतं. कातडीवरची शाई केव्हाच निघून गेली होती, पण नखावरची होती, आणि ती मुळापासून तीनेक मिलिमीटर पुढे सरकली होती. तिच्यामागे नवं, कोरं नख आलं होतं.

“ही घासून का जात नाही?” मी विचारलं.

म्हैसूरच्या मुलांना ही शाई परकी नाही. बन्नीमंटपच्या बाजूला तिचा कारखाना आहे. १९३७ साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या काळात लाख आणि रंग बनवण्यासाठी तो सुरू झाला. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभरच्या मतदारांच्या बोटांना लागणारी शाई तिथूनच जाते. वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांनी तिथे नोकरी केली होती. ती म्हणाली, “त्यात काहीतरी गुपित असतं, मिस.” गुपित आहे खरं, पूर्ण कृती कुणाला सांगत नाहीत. पण त्यातला मुख्य पदार्थ सिल्व्हर नायट्रेट, आणि तो आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात गडद तपकिरी काचेच्या बाटलीत असतो. पाच ग्रॅमची एवढीशी बाटली. महाग असते म्हणून आमचे प्रयोगशाळा सहायक ती सोन्यासारखी जपतात.

त्या दिवशी ती बाटली काढली. परीक्षानळीत चिमूटभर मिठाचं पाणी घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे चार थेंब सोडले. दह्यासारखा पांढरा साका झाला. तो दोन काचबश्यांत वाटून घेतला. एक बशी खिडकीत उन्हात ठेवली. दुसरी काळ्या कागदात गुंडाळून, वर डबा झाकून कपाटाच्या तळच्या फळीवर ठेवली. आणि मुलांना माझा नेहमीचा नियम सांगितला: आधी बघा, दिसेल ते वहीत लिहा, मग बोला. नाव नको, समीकरण नको, नुसतं काय दिसतंय ते.

ऊन धड नव्हतं. ढग येत-जात होते. पाच मिनिटं झाली, सात झाली, बशीतलं पांढरं ते पांढरंच. मुलं चुळबुळ करू लागली. मग कडेला, जिथे थर पातळ होता तिथे, जांभळट छटा आली. ती पसरत गेली आणि तास संपायला पाच मिनिटं उरली तेव्हा सगळं पांढरं राखाडी झालं होतं. वह्या गोळा केल्या. बहुतेकांनी लिहिलं होतं, रंग बदलला. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलानं मोडक्या इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती: चांदी बाहेर येते आहे.

पुस्तकातलं उत्तर तेच आहे. उन्हात सिल्व्हर क्लोराइडचं विघटन होतं, क्लोरिन निघून जातो आणि चांदीचे बारीक कण राहतात. बोटाच्या घामातल्या मिठाशी शाईतल्या सिल्व्हर नायट्रेटची गाठ पडते आणि नखावर असंच काहीसं घडतं. पण हे आम्ही अजून वाचलं नव्हतं. त्याला कुठून कळलं, हे मी विचारायला हवं होतं. घंटा झाली, मी वह्या उचलल्या, विचारायचं राहिलं.

मी मूळची बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची. १९९२ साली म्हैसूरला आले ती मानसगंगोत्रीशेजारच्या रीजनल कॉलेज ऑफ एज्युकेशनमध्ये, चार वर्षांचा बी.एस्सी.एड.चा अभ्यासक्रम करायला. एनसीईआरटीनं १९६३ साली काढलेली ही संस्था. आता तिला रीजनल इन्स्टिट्यूट म्हणतात, आमच्या तोंडी मात्र कॉलेजच राहिलं. आवारातच शाळा होती आणि तिच्यात आम्ही सरावाचे पाठ घ्यायचो. मागच्या बाकावर आमचे प्राध्यापक वही घेऊन बसायचे. माझ्या तिसऱ्या की चौथ्या पाठानंतर सरांनी वही माझ्यापुढे ठेवली. तिच्यात माझ्या पाठाबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं, नुसते आकडे होते. एक, एक, दोन, एक, अर्धा. मी प्रश्न विचारल्यावर स्वतःच उत्तर द्यायला किती सेकंद घेतले, ते त्यांनी मोजलं होतं.

मग त्यांनी मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंबद्दल सांगितलं. विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण करून त्यांनी शिक्षकांचं बोलणं तपासलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात, हे त्यांना आढळलं. तोच शिक्षक तीन सेकंद थांबला तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात आणि मुलं उलट प्रश्न विचारू लागतात. फक्त दोन सेकंदांचा फरक. मला ते इतकं लागलं की संध्याकाळी कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठानं चालताना मी मनात तीन-तीन अंक मोजत होते. शिकवायला लागून पंचविसावर वर्षं झाली, पण ते मोजणं सुटलेलं नाही.

वर्गात उभं राहून तीन सेकंद गप्प राहणं फार कठीण असतं. चाळीस जोड्या डोळे आपल्याकडे लागलेले असतात. अभ्यासक्रम मागे पडत असतो. बाहेरून मुख्याध्यापक जाताना वर्ग शांत दिसला तर बाई शिकवत नाहीत असं वाटेल, हीसुद्धा धास्ती असते. म्हणून आपण बोलत सुटतो. मला वर्गात थांबायची सवय लागली. पेपर तपासताना मात्र ती लागली नव्हती, आणि हे मला त्याच मुलानं दाखवून दिलं.

ऑगस्टमध्ये घटक चाचणी झाली. धडा धातू-अधातूंचा. मी प्रश्न काढला होता: तांब्याच्या तुकड्यावर सौम्य आम्ल टाकलं तर काय दिसेल? मला हवं असलेलं उत्तर होतं की काहीच दिसणार नाही, कारण अभिक्रियाशीलतेच्या क्रमात तांबं हायड्रोजनच्या खाली आहे. या मुलानं लिहिलं, तपकिरी धूर येतो, घसा जळतो, पाणी निळं होतं. मी लाल पेनानं फुली मारली. दोन गुण गेले. पुढच्या पेपराला हात घातला. सगळं मिळून किती वेळ घेतला असेन? एक सेकंदसुद्धा नाही.

पालकसभेला त्याचे वडील आले. पन्नाशीचे गृहस्थ, पांढरा सदरा, बोटांची टोकं काळपट तपकिरी. माझ्या आडनावावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी सरळ मराठीत सुरुवात केली.

“बाई, तुम्ही मराठी दिसताय म्हनून बोलतो. पोरानं लिवलंय ते खोटं न्हाई. आमच्या भट्टीवर रोज निघतो त्यो धूर.”

“तुमचं गाव कुठलं?”

“खानापूर. विट्याजवळचं.”

माझंही खानापूरच, पण बेळगावचं. दोन्हींमध्ये दोन-एकशे किलोमीटरांचं अंतर आणि आता एका राज्याची सीमासुद्धा. पण नाव सारखं निघालं म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते गलाईवाले. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी पट्ट्यातून, खानापूर-आटपाडीकडून, लोक पिढ्यान्‌पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगले आहेत. जिथे सराफकट्टा तिथे एखादी गल्ली त्यांची असतेच. हे म्हैसूरला अशोका रोडच्या मागच्या बाजूला बावीस वर्षं होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

घरी येऊन मी पुस्तक उघडलं. त्याच धड्यात, मी दरवर्षी घाईनं वाचून पुढे जाते त्या परिच्छेदात, वाक्य होतं: धातूंची नायट्रिक आम्लाशी अभिक्रिया होते तेव्हा हायड्रोजन वायू सुटत नाही, कारण नायट्रिक आम्ल तीव्र ऑक्सिडीकारक आहे. म्हणजे तांबं आणि नायट्रिक आम्ल एकत्र आले की हायड्रोजनऐवजी नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. तीव्र आम्ल असेल तर थेट तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड, आणि सौम्य असेल तर आधी रंगहीन नायट्रिक ऑक्साइड, जो हवा लागताच तपकिरी होतो. द्रावण निळं होतं ते तांब्याच्या नायट्रेटमुळे. मुलाचं उत्तर तीनही बाबतीत बरोबर होतं. मी प्रश्नात आम्ल कोणतं हे लिहिलंच नव्हतं. माझ्या मनात हायड्रोक्लोरिक होतं, त्याच्या नाकात नायट्रिक. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे जसंच्या तसं सांगितलं, फुली खोडली आणि गुण दिले. तो उठून उभा राहिला, काही बोलला नाही, खाली बसला. तास संपल्यावर दाराशी येऊन हळूच मराठीत म्हणाला, “बाई, एकदा बघायला या.” एरवी वर्गात मी त्याची ‘मिस’. त्या दिवसापासून एकटा असला की ‘बाई’ म्हणू लागला.

दसऱ्याच्या सुट्टीत गेले. शहर रोषणाईनं उजळलेलं, राजवाड्यावर लाखाच्या आसपास दिवे, आणि या गल्लीत दहा बाय बाराची एक खोली. कोपऱ्यात भट्टी, फळीवर लहानमोठ्या मुशी एकात एक ठेवलेल्या, टाकणखाराचा डबा, लांब दांड्याच्या सांडश्या. कुणीतरी जुन्या पाटल्या वितळवायला दिल्या होत्या. त्याच्या वडिलांनी मला स्टूल दिलं आणि काम चालू ठेवलं.

जुन्या दागिन्यातलं सोनं शुद्ध नसतं, त्यात तांबं-चांदी असते. ती काढायची तर आधी उलट काम करावं लागतं, त्यात आणखी चांदी घालावी लागते. एक भाग सोन्याला तीन भाग चांदी. हे ऐकून मी चकित झाले. सोनं शुद्ध करायला चांदी का मिसळायची? त्यांनी मला सांगितलं नाही, मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, “सोनं जास्त असलं तर तेजाब आत शिरत नाही. बाहेरचं सोनं आतल्या चांदीला झाकून ठेवतं.” धातूशास्त्राच्या पुस्तकांत हेच कारण दिलेलं असतं, याहून लांब शब्दांत. वितळलेला रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करतात, म्हणजे आम्लाला भिडायला पृष्ठभाग वाढतो. मग ते दाणे तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतात. चांदी आणि तांबं विरघळून जातं. सोनं तळाशी राहतं.

ते सोनं बघून मला धक्का बसला. काळपट, विटकरी भुकटी. तंबाखूची मिसरी म्हणून कुणी दिली असती तर मी शंका घेतली नसती. ती धुतली, वाळवली, मुशीत टाकणखाराबरोबर घातली. मूस लाल झाली, मग नारिंगी. सांडशीनं उचलून त्यांनी रस साच्यात ओतला, आणि त्या विटकरी मातीतून पिवळं सोनं निघालं. इतकी वर्षं मी ‘धातूंना चकाकी असते’ हे वाक्य शिकवत होते. बारीक कणांच्या अवस्थेत ती दिसत नाही, हे माझ्या कधी डोळ्यांसमोर आलंच नव्हतं. जूनमध्ये खिडकीतल्या बशीत राखाडी दिसली ती चांदी होती, हे या मुलानं का ओळखलं, ते मला तिथे कळलं. त्यानं राखाडी चांदी आणि विटकरी सोनं लहानपणापासून बघितलं होतं.

उरलेल्या हिरव्या-निळ्या पाण्यात त्यांनी तांब्याची पट्टी सोडली. थोड्या वेळात पट्टीवर केसाळ करडी चांदी जमू लागली आणि पाणी गडद निळं होत गेलं. तांबं चांदीला द्रावणातून हुसकावतं, हे समीकरण मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या खोलीत त्यावर घर चालत होतं.

आणि धूर होता. भांड्यावर एक पत्र्याचं धुराडं होतं, पण सगळा धूर त्यात जात नव्हता. माझा घसा खवखवू लागला. वडील मधूनच खोकत होते. दुपारचं जेवण त्यांचं तिथेच, भट्टीपासून चार हातांवर, जमिनीवर पोतं टाकून. मी त्या वेळी काही बोलले नाही. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईनं पहिल्याच दिवशी कुणाच्या धंद्यात बोट घालू नये असं वाटलं. आजही वाटतं की बोलायला हवं होतं. नायट्रोजन डायऑक्साइड फसवा वायू आहे. लागल्या लागल्या घसा थोडा जळतो, माणूस कामाला लागतो आणि फुप्फुसांना झालेली इजा काही तासांनी वर येते.

सुट्टीनंतर वर्गात रेणुवस्तुमान काढायचा सराव घेत होते. नववीतलं आहे, पण दहावीत विसरलेलं असतं. नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६ चे दोन. मुलांनी ४६ काढलं. हवेचं सरासरी सुमारे २९, हे मी सांगितलं आणि पुढच्या उदाहरणाकडे वळणार इतक्यात त्याचा चेहरा दिसला. मी खडू खाली ठेवला. एक, दोन, तीन. तो उभा राहिला आणि भर वर्गात, सगळ्यांसमोर, मराठीत बोलला. बाकीच्यांना कळलं नाही, त्याला त्याचं भान नव्हतं.

“बाई, ४६ आणि २९. म्हणजे थंड झाला की तो खाली बसतो. आणि आमचे बाबा खालीच बसून जेवतात.”

मी त्याचं बोलणं कन्नडमध्ये वर्गाला सांगितलं. कुणी हसलं नाही. मग आम्ही त्या दिवशी उदाहरणं सोडून दिली आणि फळ्यावर त्याच्या खोलीचा नकाशा काढला. गरम धूर आधी वर जातो, म्हणून धुराडं भांड्याच्या अगदी जवळ हवं. निवलेला खाली येतो, म्हणून दाराशी जमिनीलगत झरोका हवा. एकीनं विचारलं, हा वायू पाण्यात विरघळतो ना, मग पाण्यातून काढता येणार नाही का? येतो, आणि मोठ्या कारखान्यांत तसंच करतात. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे धुराडं दोन फूट खाली आलं आणि जेवण वरच्या मजल्यावरच्या खोलीत हललं. यात मी शिकवलेलं फार थोडं होतं. पण माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत फळ्यावरच्या एका आकड्यानं कुणाची जेवणाची जागा बदलली, हे मला मोठं वाटतं आणि तसं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आमच्या वर्गाची भाषा हा वेगळाच विषय आहे. पुस्तक इंग्रजी, समजावणं कन्नडमध्ये, आणि त्या मुलाच्या डोक्यात सांगलीची मराठी. कन्नडमध्ये ऑक्सिजनला आम्लजनक म्हणतात. मी नवीन होते तेव्हा या शब्दानं मला छळलं, कारण मी लहानपणी प्राणवायू शिकले होते. मग लक्षात आलं की आम्लजनक हे लव्हाझिएनं दिलेल्या नावाचं सरळ भाषांतर आहे. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असं तो समजत होता. पुढे १८१० च्या सुमाराला हम्फ्री डेव्हीनं दाखवलं की मिठापासून केलेल्या आम्लात तो नसतो. शास्त्रज्ञाची चूक सुधारली, नाव तसंच राहिलं आणि ते कन्नड पुस्तकांत येऊन बसलं. हे मी दरवर्षी सांगते, कारण चुकलेला माणूसही केवढा मोठा असू शकतो ते मुलांना यातून दिसतं. आणि कार्बनला कन्नडमध्ये म्हणतात इंगाल. हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो थबकला. “इंगळ? भट्टीतला?” त्याच्या घरी पेटलेल्या कोळशाला इंगळच म्हणतात. माझ्या आजीच्या चुलीतही इंगळच असायचे. भाषेचे पंडित या दोन शब्दांचं नातं कसं लावतील ते लावोत, पण तो मुलगा कार्बनचं चिन्ह त्यानंतर कधी विसरला नाही.

मराठी, कन्नड किंवा इंग्रजी, कुठल्या भाषेत विज्ञान चांगलं येतं, हा वाद मी सीमाभागात जन्मल्यामुळे पुष्कळ ऐकला आहे. माझा अनुभव इतकाच की मुलाला जी गोष्ट हातानं माहीत असते तिचं नाव त्याच्याकडे आधीच असतं, आणि ते बहुधा घरच्या बोलीतलं असतं. तेजाब, मूस, इंगळ. ते विचारून घेतल्याशिवाय मी आता पारिभाषिक शब्द फळ्यावर लिहीत नाही. कुंभाराच्या, रंगाऱ्याच्या, उदबत्ती वळणाऱ्या बाईच्या मुलांनीही मला असे शब्द दिलेत. म्हैसूर उदबत्तीचं गाव, आणि कोळशाची पूड हळू का जळते हे उदबत्तीवाल्या घरातल्या मुलीनं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं.

मार्च २०२४. दहावीची परीक्षा २५ तारखेपासून होती. त्याआधी प्रवेशपत्र घ्यायला मुलं येत होती. मी प्रयोगशाळेचं कपाट आवरत होते. तळच्या फळीवर एक उपडा डबा सापडला. उचलला तर खाली काळ्या कागदाची पुडी. जूनमधली बशी. मी ती साफ विसरले होते.

तेवढ्यात तो दारात आला. मी त्याला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर कागद उघडला. नऊ महिने अंधारात राहिलेला तो थर वाळून भेगाळला होता, पण पांढरा होता, खडूसारखा. त्यानं बशी दोन्ही हातांत धरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मार्चचं ऊन, ढगाचा मागमूस नाही. आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो, आमची सावली पडू नये म्हणून. मिनिटाभरातच कड जांभळट दिसू लागली.

“बाई, आता बोलू?”

“थांब,” मी म्हटलं. “मधला भाग अजून पांढरा आहे.”